ढाळ गेला की कालवा गेला

कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्याचा 1977 सालचा एक फोटो मी परत परत काढून बघते. मेंडोटा गावाजवळ विजेचा खांब, त्याच्याजवळ भूजलतज्ज्ञ जोसेफ पोलंड उभे. त्यांच्या डोक्याच्या कितीतरी वर 1925 ची पाटी, कारण तेव्हा जमीन तिथे होती. मधे 1955. पायाशी 1977. साधारण 9 मीटर जमीन खाली गेली, भूजल उपसून उपसून!

वाळूतलं पाणी ओढलं की मधल्या चिकणमातीच्या थरांतलंही निघून जातं आणि ते थर दबतात. एकदा दबलेले थर जवळजवळ फुगतच नाहीत. नंतर कितीही पाऊस पडो, पाणी धरायची ती जागा कायमची गेली.

पण मला खरा सलतो तो तिथला फ्रायंट-कर्न कालवा. 152 मैल लांब, 1951 मध्ये पूर्ण झालेला, आणि सगळं पाणी नुसत्या ढाळावर जातं. ढाळ तरी किती, मैलाला काही इंच. अशा कालव्याची मधलीच जमीन बसली की तिथे खोलगा होतो. पाणी पुढे न्यायचं तर पातळी चढवावी लागते, पण काठही खचलेले, जास्त सोडलं तर बाहेर सांडणार. सर्वांत खचलेल्या टप्प्यात सुमारे 60 टक्के वहनक्षमता गेली होती.

यात टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचा काय दोष? उपसा दुसऱ्यांनी केला, पाणी त्याचं तुटलं. मग पीक वाचवायला तोही बोअर चालू करतो, आणि जमीन आणखी बसते.

शेवटी जुन्या कालव्याला लागून 10 मैलांचा नवा कालवा बांधला. 2024 मध्ये झाला, खर्च 30 कोटी डॉलरच्या वर. माझं मत स्पष्ट आहे: हा पैसा उपसा करणाऱ्यांकडूनच, जेवढं पाणी काढलं त्या हिशेबाने वसूल व्हायला हवा. ज्यांना कालव्याचं पाणी मिळतच नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न खरा आहे. त्यांना सवलत द्या. पण कालव्यालगतच्या पट्ट्यात खोल उपसा आत्ताच थांबवा. कॅलिफोर्नियाच्या 2014 च्या भूजल कायद्याने अति उपशाच्या भागांना उपसा आटोक्यात आणायला 2040 पर्यंत मुदत दिली आहे. इतकी वर्षं कशाला? पंप बंद केल्यावरही चिकणमाती बराच काळ दबतच राहते, आणि तो नवा कालवा त्याच जमिनीवर आहे.