588235294117647: ‘दशमानाची करामत’ या आक्षेपाला उत्तर

सर, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: या संख्येच्या सुरुवातीला शून्य लावून ती सोळा अंकी केली आणि 1 ते 16 पैकी कशानेही गुणली, तर तेच अंक त्याच क्रमाने फिरून येतात, याचं मी उगाच कौतुक केलं. ही सगळी दशमान पद्धतीची करामत, मोजणीचा पाया 10 ऐवजी दुसरा घेतला की संपली. म्हणून हे गणित नव्हे, अंकज्योतिषाचा चुलतभाऊ. शिवाय अशा संख्यांचा नाद असलेल्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांवरून ‘कापरेकर फर्ग्युसनचे, म्हणून पुणेकरांना उमाळा’ हा टोला.

उमाळा आहेच. जन्म डहाणूचा, शिक्षकी देवळालीत. पुण्याच्या वाट्याला कॉलेज तेवढं आलं. पण पाटी लावायला आम्हाला तेवढं पुरतं.

आता पाया खरंच बदलून बघू. धाकटं भावंड घेतो, 142857; हा 1/7 चा आवर्ती भाग, म्हणजे दशांशात पुन्हा पुन्हा येणारे अंक, जसा वरचा 1/17 चा. तीनच्या पायावर, म्हणजे फक्त 0, 1, 2 हे अंक वापरून, 1/7 लिहिला तर 010212 हे अंक पुन्हा पुन्हा येतात, आणि तेही तसेच फिरतात. दशमानात 142 + 857 = 999; तिथे 010 + 212 = 222. म्हणजे संपलं काहीच नाही. कारण भागाकाराच्या बाक्यांत आहे. 10 ला 7 ने भागून 3 उरतात, म्हणून दोन्हीकडे बाक्यांचा क्रम एकच: 1, 3, 2, 6, 4, 5. सहाही बाक्या येऊन जातात, म्हणून चक्र पूर्ण. आठच्या पायावर मात्र बाकी कायम 1, तिथे 1/7 म्हणजे नुसते एकावर एक: 0.111… तेव्हा करामत दहाची नाही. पाया आणि भाजक यांचं नातं काय, यावर सगळं ठरतं.

कापरेकर संख्या म्हणजे जिच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की तीच संख्या परत येते. तिचंही तेच. 142857 चा वर्ग 20408122449, आणि 20408 + 122449 = 142857. योगायोग? 142857 म्हणजे 999999 ÷ 7, आणि 142856 ला 7 ने नि:शेष भाग जाऊन येतात 20408. म्हणून दोघांचा गुणाकार 999999 × 20408. त्यात 142857 मिळवले की वर्ग तयार, आणि दोन तुकडे आपोआप पडतात. आपल्या मोठ्या संख्येला हे थेट जमत नाही, कारण तिला 17 ने भागल्यास बाकी 8 उरते. पण तिची 15 पट, 8823529411764705, घ्या. बाकी 1 येते आणि ती कापरेकर संख्या ठरते. वर्ग करून पाहा, कागद मोठा लागेल.

राहिलं ‘हे गणित नव्हे’. 7, 17, 19, 23, 29 अशा, दशमानात पूर्ण चक्र देणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत का? गणितज्ञ आर्टिनने 1927 मध्ये मांडलेल्या अटकळीनुसार आहेत. 1967 मध्ये हूली या गणितज्ञाने ते सिद्ध केलं, पण रीमान गृहीतक या अजून सिद्ध न झालेल्या विधानाचं व्यापक रूप खरं मानून. बिनशर्त सिद्धता अजून कुणाकडेही नाही.