पोरगा चांगला आहे, म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडं स्थळ 'चांगलं' ठरायला पगार, पुण्यात फ्लॅट आणि सुपारीचंही व्यसन नसणं एवढं पुरतं. माणूस कुठल्या गोष्टीला नाही म्हणतो, हे कुणी विचारतच नाही.

मागच्या महिन्यात मी एक असं स्थळ नाकारलं. "आम्हाला काही नको, मुलीला हौसेनं काय घालायचं ते घाला," असं म्हणत मुलाच्या वडिलांनी तोळ्यांचा आकडाही सांगून टाकला. मुलगा समोरच, बशीतल्या चिवड्यातले शेंगदाणे वेचत. रात्री त्याचा मेसेज: "मलाही पटत नाही गं, पण पप्पांपुढं कोण बोलणार?"

हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. आमच्या हौसेचा आकडा अजून मुलाकडचेच ठरवतात! पण मला वडिलांपेक्षा त्या मेसेजचा राग जास्त आला. पटत नसूनही जो शेंगदाणे खात बसतो, त्याच्या भरवशावर उद्या मी काय करायचं?

मावशी म्हणते, लग्नानंतर सगळं जुळतं. जुळतं की! कमी तिखटाची, पहाटे उठायची सवय होते. पण जात बघून माणसाशी वागणं, बायकोच्या पगारावर हक्क सांगणं, याचीही सवय करून घ्यायची का? मला नाही करायची.

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करायला. तिथंच १९४१ मध्ये गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. भाषा, जेवण, देश, सगळंच वेगळं. पत्रिका कुठली जुळणार? पण दोघांनी वाहून घेतलं होतं ते एकाच कामाला. जेमतेम वर्षभरानं, डिसेंबर १९४२ मध्ये डॉक्टर वारले. त्यांच्या स्मारकाचा अभिमान आपल्याला फार. तसं लग्न घरात कुणी काढलं, तर मात्र बघायला नको!

मैत्रीतही माझं हेच. सात रस्त्याला चहा पिताना आमच्यातला एक जण जातीवरून जोक मारायचा. तोंडावर सांगितलं, "बंद कर बे हे." तर म्हणे, "लय सिरियस घेतीस तू." आता तो ग्रुप मला बोलवत नाही. दोघीजणी टिकल्या. आईच्या ऑपरेशनला दवाखान्यात रात्रभर थांबल्या त्या याच.

आईचं म्हणणं, अशीच पारखत बसलीस तर तिशी उलटेल. उलटू दे. पुढचं स्थळ अक्कलकोटचं आहे. सोन्याचं थेट मुलालाच विचारणार, तेही त्याच्या वडिलांसमोर.