शिक्का बसलेलं तिकीट

दिवाळीच्या आवराआवरीत आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतून एक पाकीट हाती लागलं. कडा पिवळ्या पडलेल्या, पत्त्याची शाई विटकरी झालेली, आणि कोपऱ्यात एकेक आण्याची दोन तिकिटं शेजारी शेजारी. दोन्हींवर बोधिसत्त्व. भिंग लावलं तर एकावरची मूर्ती दुसऱ्याच्या उलट, आरशात दिसावी तशी! मी किती वेळ तिथेच बसून होतो.

स्वतंत्र भारतानं रोजच्या टपालासाठी काढलेल्या पहिल्या मालिकेतली ही तिकिटं. १५ ऑगस्ट १९४९, छपाई आपल्या नाशिकची. त्यात बोधिसत्त्व उलटा छापला गेला. १९५० मध्ये सुलट करून नवं तिकीट आलं. आजोबांना पत्र धाडणाऱ्यानं नकळत दोन्ही एकाच पाकिटाला चिकटवली होती.

या मालिकेतली सोळा तिकिटं मला जीव की प्राण आहेत. तीन पैला, म्हणजे तेव्हाच्या एका पैशाला, अजिंठ्याचा हत्ती. सहा पैला कोणार्कचा घोडा, नऊ पैला आपल्या घारापुरीची त्रिमूर्ती. दोन आण्यांना नटराज, सहा आण्यांना विजापूरचा गोलघुमट, बारा आण्यांना सुवर्णमंदिर. ताजमहाल पाच रुपयांना आणि सगळ्यात वर, पंधरा रुपयांना, पालिताण्याचं शत्रुंजय मंदिर. ताजमहालाचं तिकीट कितीजणांच्या घरी आलं असेल? पण ज्यांनी जन्मात अजिंठा पाहिला नाही त्यांच्याही दारात पोस्टमननं तो हत्ती नेऊन पोचवला.

म्हणूनच माझं ठाम मत आहे: वारसास्थळांची तिकिटं जमवायची तर शिक्का बसलेली जमवा, जमलं तर पाकिटासकट. १९८४ साली किल्ल्यांची चार तिकिटं निघाली: ग्वाल्हेर, वेल्लोर, सिंहगड, जोधपूर. कोरा सिंहगड कुणीही काढून देतो. पुण्याचा शिक्का असलेला, पत्रावरून आलेला सिंहगड मी अजून शोधतोय. नवी तिकिटं तर थेट अल्बमातच जातात. परवा एका पोस्टात पाकिटाला तिकिटं मागितली, तर खिडकीतून बारकोडची चिठ्ठी चिकटवून मिळाली. वाईट वाटलं.

२०२५ मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांची तिकिटं निघावीत ती रोजच्या वापराची, पाच रुपयांची, हव्या त्या पोस्टात मिळणारी. खास पाकिटात घालून मिरवायची नकोत. साल्हेर, खांदेरी, जिंजी साध्या पत्रांवरून गावोगाव जाऊ देत.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. भाचीला दर महिन्याला पत्र टाकतो, एखाद्या वास्तूचं तिकीट शोधून लावतो आणि खिडकीवर सांगतो, "दादा, शिक्का जरा ठळक उठू द्या." आजोबांचं पाकीट मात्र तसंच ठेवलंय. तिकिटं सुटी करायला कोमट पाण्यात घालायची सवय आहे, पण या दोघांना वेगळं करायला हात धजावत नाही.