‘व्यायाम केला असता तर’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

अतिक्रियाशील मूत्राशयावरच्या, म्हणजे लघवीची अचानक, अनावर घाई होते त्या त्रासावरच्या शस्त्रक्रियांबद्दल मी लिहिलेल्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेख लोकांना ऑपरेशनच्या वाटेला लावतो, बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) तात्पुरतं असतं, मेशच्या (लघवी गळू नये म्हणून आत बसवायच्या जाळीच्या पट्टीच्या) दुष्परिणामांवर मी गप्प बसले, आणि ‘नियमित व्यायाम करणाऱ्याला चाकूची गरज पडत नाही, आळशी लोकच शॉर्टकट शोधतात.’

हे शेवटचं वाक्य वाचून उत्तरच देऊ नये असं वाटलं होतं. पण ते इथे येणारी इतर माणसंही वाचतात, आणि त्यातल्या कित्येकांनी हा त्रास घरातसुद्धा कुणाला सांगितलेला नसतो.

मी स्वतः यातून गेले आहे. कुठेही जायचं तर आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायचं, पाणी बेतानं प्यायचं, कपडे गडद रंगाचेच घालायचे. कुलपात किल्ली घातली की लघवीची अशी घाई व्हायची, की दार उघडेपर्यंत कपडे ओले. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम मी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने केले. घड्याळ लावून दोन वेळांमधलं अंतर वाढवत नेलं, चहा-कॉफी सोडली, लघवीच्या नोंदींची वही ठेवली. मग सॉलिफेनासिन हे मूत्राशय शांत करणारं औषध घेतलं, तर तोंडाला सतत कोरड आणि बद्धकोष्ठता. मिराबेग्रॉन या दुसऱ्या औषधानंही भागलं नाही. तेव्हा कुठे डॉक्टरांनी बोटॉक्सचा विषय काढला. याला आळस म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

व्यायामाने पुष्कळांना गुण येतो, हे लेखाच्या पहिल्याच भागात आहे. तो तुम्ही वाचलेला दिसत नाही. खोकताना-शिंकताना लघवी निसटते, तिथे ओटीपोटाखालच्या स्नायूंची ताकद थेट कामी येते. पण मूत्राशयाचा स्नायूच आपणहून, वेळी-अवेळी आवळला जात असेल, तर व्यायामाची धाव एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत बोटॉक्स टोचतात, साधारण १०० युनिट. किंवा कमरेखाली, माकडहाडाच्या वरच्या हाडातल्या मज्जातंतूजवळ सौम्य विजेचे झटके देणारी तार बसवून आधी काही दिवस चाचणी घेतात. त्रास निम्म्याने तरी कमी झाला, तरच ते झटके देणारं छोटं यंत्र त्वचेखाली कायमचं बसवतात. आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं करायची वेळ फार थोड्यांवर येते. इतक्या पायऱ्या चढून आलेल्या माणसाला तुम्ही बसल्या जागेवरून शॉर्टकट शोधणारा ठरवता, हे मला सहन होत नाही.

बोटॉक्स तात्पुरतं आहे, मान्य. परिणाम बहुधा ६ ते ९ महिने टिकतो, मग पुन्हा टोचावं लागतं. काहींना लघवी तुंबल्यामुळे काही काळ स्वतःच्या हाताने कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालावं लागतं. हे मी आणखी ठळकपणे द्यायला हवं होतं. लेखात तशी भर घातली आहे.

मेशची पट्टी खोकताना-शिंकताना गळणाऱ्या लघवीसाठी असते, अतिक्रियाशील मूत्राशयासाठी नाही. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये तिचा वापर थांबवला गेला, हे मला ठाऊक आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे ओढून आणू नका.

माझ्या माहितीत चूक दाखवलीत तर ती दुरुस्त करून तुमच्या नावासह देईन. रुग्णांना नावं ठेवणारी प्रतिक्रिया मात्र यापुढे इथे दिसणार नाही.