‘चॅट उडवा, गप्प बसा’ : त्या मेसेजबद्दल खुलासा

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी ग्रुपांवर नवरात्रीच्या तोंडावर एक मेसेज फिरतोय : ‘मुलीला तिचा मित्र छळत असेल तर चॅट उडवा, नंबर ब्लॉक करा. मारहाण नसेल तर पोलीस ऐकत नाहीत, उलट पोरीचं नाव पेपरात येतं.’ यातलं जवळजवळ सगळंच चूक आहे.

पोक्सो, २०१२ म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांना लैंगिक छळापासून वाचवणारा कायदा. त्याच्या कलम ११ नुसार लैंगिक हेतूने सतत मेसेज करणं, पाठलाग करणं, खाजगी फोटोची धमकी देणं हा गुन्हाच आहे. त्यासाठी वळ उठावे लागत नाहीत. कलम २३ मुलीची ओळख छापायला मनाई करतं. जबाब घरी घेता येतो, अधिकारी गणवेशात नसावा. मुलगा छळला जात असेल तरी कायदा हाच.

चॅट उडवणं सगळ्यात घातक, कारण पुरावाच जातो. आधी ‘डिसअपिअरिंग मेसेज’ (मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय) बंद करा. नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, चॅट एक्स्पोर्ट करा, मगच ब्लॉक. खाजगी फोटो मात्र ‘पुरावा’ म्हणून मामा-काकांना फॉरवर्ड करू नका. अल्पवयीनाचा असा फोटो पुढे पाठवणं हाही गुन्हा.

फोन : मुलांसाठी १०९८, सायबर गुन्ह्यांसाठी १९३०, मुली-महिलांसाठी अभयम् १८१.

आणि गरब्यात दर अर्ध्या तासाला लाइव्ह लोकेशन मागणारा ‘काळजी करतो’ असं नाही. पासवर्ड मागणं, मैत्रिणी तोडायला लावणं, सुरुवात बहुधा तिथूनच होते. पोरीचा फोन काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.