बुटक्या गाड्यांची बाजू

"गाडी उंच असली की समोरचा आपोआप बाजूला होतो," असे माझा पुतण्या गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, आणि मागे बसलेल्या घरच्या सगळ्या वडीलधाऱ्यांनी त्याला दुजोरा दिला. सोलापुरात होटगी रोडला राहणाऱ्या या मुलाला स्वतःच्या कमाईतून पहिली मोठी गाडी घ्यायची आहे आणि ती एसयूव्हीच असणार, हे घरात आधीच ठरून गेले होते. मी सेदानचे, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या बुटक्या गाडीचे, नाव काढले, तर त्याचे उत्तर तयार होते: "काका, सेदान आता टॅक्सीवालेच घेतात. अन् तुमच्या तिकडच्या त्या लांब गाड्या तर इथं ॲम्ब्युलन्स वाटतील." त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, आजूबाजूला जे ऐकू येते तेच तो बोलत होता. माझा राग त्याच्यावर नाहीच. राग आहे तो त्या पहिल्या वाक्यावर, कारण मी जिथे राहतो त्या जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या परिसरात गेली साठ वर्षे काही माणसांनी नेमकी उलटी गाडी घडवण्यात आपले आयुष्य घातले आहे.

ही उलटी गाडी म्हणजे काय, ते आधी सांगतो. १९६८ साली मर्सिडीजने ३०० एसईएल ६.३ ही सेदान आणली. एरिश वाक्सनबर्गर या अभियंत्याच्या हट्टातून, ६०० या अवाढव्य लिमोझिनचे ६.३ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन तिच्यात बसवले गेले. अडीचशे अश्वशक्तीची आणि ताशी २२० किलोमीटरपर्यंत जाणारी ही गाडी दिसायला मात्र एखाद्या बँकेच्या संचालकाची वाटावी अशीच होती. पुढे १९८० च्या दशकात बीएमडब्ल्यूने एम१ या स्पोर्ट्स कारच्या इंजिनावर आधारलेले २८६ अश्वशक्तीचे इंजिन ५ सिरीजमध्ये घालून पहिली एम५ केली, तेव्हाही बाहेरचे रूप जवळजवळ जसेच्या तसे राहू दिले. या गाड्यांचा मोठेपणा मला त्यातच दिसतो. ज्याच्याकडे ताकद आहे त्याने ती मिरवलीच पाहिजे, असे त्या घडवणाऱ्यांना वाटत नव्हते.

यातली मला सर्वांत जवळची वाटते ती मर्सिडीजची ५०० ई. १९९० च्या सुमारास, पोर्शे कंपनी आर्थिक अडचणीत असताना, मर्सिडीजने तिला हे काम दिले. डब्ल्यू १२४ या ई-क्लासमध्ये पाच लिटरचे, ३२६ अश्वशक्तीचे इंजिन बसवायचे तर चाके आणि मडगार्डे रुंद करावी लागत होती, आणि ती रुंद बॉडी मर्सिडीजच्या सिंडेलफिंगेन कारखान्यातल्या नेहमीच्या लाइनवरून पुढे सरकेना. म्हणून बॉडी झुफेनहाउझेनला पोर्शेकडे तयार व्हायची, रंगासाठी सिंडेलफिंगेनला परत यायची आणि जुळणीसाठी पुन्हा झुफेनहाउझेनला जायची. एवढी ये-जा करून तयार झालेली गाडी साध्या ई-क्लासशेजारी उभी केली, तर फरक दिसतो तो मडगार्डांच्या किंचित फुगीरपणात आणि थोड्या खाली बसलेल्या ठेवणीत. ओळखणारा ओळखतो, बाकीच्यांना ती शेजाऱ्याची मर्सिडीज वाटते. पुतण्याला हेही माहीत नव्हते की १९९५ साली मर्सिडीजने भारतात जुळणी सुरू केली ती याच डब्ल्यू १२४ पासून, आणि तीही पिंपरीत, म्हणजे सोलापूरहून सकाळी निघालेला माणूस जेवायच्या वेळेला पोहोचेल एवढ्या अंतरावर.

ज्यांना तो ॲम्ब्युलन्स म्हणाला, त्या स्टेशन वॅगनची कथा तर मला घरच्या माणसांना मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण तिचा उगमच कुटुंबाच्या गरजेत आहे. १९८० च्या दशकात बीएमडब्ल्यूच्या कारखान्यात माक्स राइसबॉक नावाचे एक अभियंता होते. घरात मुले, सुट्टीचे सामान मोठे आणि कंपनीच्या ३ सिरीजची डिकी लहान. त्यांनी अपघातात मोडलेली एक ३ सिरीज सेदान विकत घेतली आणि मित्राच्या गॅरेजमध्ये, नोकरीनंतरच्या वेळात, तिचे छप्पर मागेपर्यंत वाढवून स्वतःच्या हातांनी वॅगन तयार केली. वरिष्ठांनी ती पाहिली आणि १९८७ साली तिचीच आवृत्ती ३ सिरीज टूरिंग म्हणून जगापुढे आली. बायको-मुलांना घेऊन सुट्टीला जायचे आहे, पण चालवण्याचा आनंद सोडायचा नाही, एवढ्या एका हट्टापायी माणूस पत्रा कापायला बसतो, हे ज्या मध्यमवर्गीय घराला समजणार नाही असे घर सोलापुरात मला तरी ठाऊक नाही.

त्यानंतर जे घडले ते भराभर घडले. १९९२ साली एम५ टूरिंग आली; त्या ९०० सुद्धा बनल्या नाहीत. १९९४ साली व्होल्वोने ब्रिटनच्या टूरिंग कार शर्यतीत ८५० ही वॅगन उतरवली, आणि त्याच वर्षी ऑडीची आरएस२ अवांत आली. झुफेनहाउझेनच्या ज्या जागेत ५०० ई घडली होती तिथेच ती घडली: ऑडी ८० ची वॅगन, २.२ लिटरचे पाच सिलिंडरचे टर्बो इंजिन, ३१५ अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद आणि ब्रेक पोर्शेचे. एका जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मी एक आरएस२ जवळून पाहिली. मालकाने मागचे दार उघडले तेव्हा आत घरातल्याच कुत्र्याची घोंगडी होती आणि डिकीच्या कडेवरचा रंग पिशव्या घासून उडालेला होता. त्याच गाडीच्या चाकांच्या आऱ्यांमधून लाल ब्रेक कॅलिपर दिसत होते. संग्राहकांच्या दृष्टीने त्या उडालेल्या रंगामुळे गाडीची किंमत कमी होत असेल, माझ्या दृष्टीने ती वाढली.

पुढे आरएस६ ने ही परंपरा चालवली. २००२ साली पहिली आली ती ४५० अश्वशक्तीची, आणि २०१३ पासून ऑडीने या मॉडेलची सेदान बंद करून फक्त वॅगन ठेवली. वेगवान गाडी घेणाऱ्या माणसाला डिकीही हवी असते, हे कंपनीने हिशेबानेच ओळखले होते. २०२४ साली आलेली एम५ टूरिंग तर बॅटरीची मोटर जोडून ७२७ अश्वशक्तीपर्यंत पोहोचली आहे, मात्र तिचे वजन सुमारे अडीच टन आहे, आणि हे मला खटकते. आरएस२ सोळाशे किलोच्या आसपास होती. युरोपचे कार्बनचे नियम पाळायचे तर बॅटरी घालावी लागते, हे कारण मला मान्य आहे. पण याच नियमांपायी मर्सिडीजने सी ६३ मधले आठ सिलिंडरचे इंजिन काढून चार सिलिंडरचे घातले, तेव्हा इथल्या माझ्या सहकाऱ्यांइतकेच मलाही वाईट वाटले.

आता पुन्हा त्या वाक्याकडे येतो. उंच गाडीला लोक वाट देतात की नाही हा एक प्रश्न आहे, आणि वाट मिळाल्यावर ती गाडी काय करू शकते हा दुसरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि समोरच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. गाडी उंच केली की दर किलोमीटरला हवेला द्यायचा कर वाढतो. गुरुत्वमध्य वर गेला की वळणावर गाडी कलते, आणि ऐनवेळी चाक वळवावे लागले तर उलटण्याचा धोका वाढतो. वालचंदच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेल्या कोणत्याही मुलाला हे कागदावर मांडता येईल. इथल्या ए८१ या महामार्गावर मला मागून येणारी आरएस६ आधी आरशात दिसते, मी उजवीकडे होतो, ती निघून जाते. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची, तिच्यामागे कुत्र्याची जाळी. मी बाजूला होतो तो त्या गाडीच्या उंचीला भिऊन नव्हे, जर्मनीत डावी लेन ओलांडण्यासाठी असते म्हणून. पुण्याच्या रस्त्यावर मोहोळपासून टेंभुर्णीपर्यंत उजव्या लेनमध्ये ठाण मांडून बसलेले ट्रक मला आठवतात, आणि त्यावर आमच्या लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे आणखी उंच गाडी. इथेही नव्या नोंदणीत एसयूव्हींचा वाटा आता सर्वांत मोठा आहे, हे पुतण्याने मला ऐकवले. ते खरे आहे, आणि मला ते इथेही आवडत नाही.

आपल्याकडे वॅगन चालली नाही म्हणजे ती चालण्यासारखी नव्हती, हेही मला पटत नाही. १९९२ साली टाटांनी पुण्यात एस्टेट काढली होती. आमच्या लहानपणी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादर कारखानदाराकडे ती होती. मागची सीट पाडून ते चादरींचे गठ्ठे छतापर्यंत रचत, आणि रविवारी त्याच गाडीतून त्यांचे अख्खे कुटुंब तुळजापूरला जाई. पुढे २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनांच्या गाड्यांना कराची सवलत मिळाली आणि कंपन्यांनी सेदानच्या शेपट्या कापायला सुरुवात केली. इंडिगो सीएस तशीच, २०१२ ची डिझायरही तशीच. अशा कापलेल्या गाड्या पाहत वाढलेल्या मुलाला सेदान म्हणजे टॅक्सी वाटली तर दोष त्याचा नाही. पण २०१७ साली २३० अश्वशक्तीची स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस आली तेव्हा भारतासाठी ठरवलेल्या सगळ्या गाड्या थोड्याच दिवसांत संपल्या, हे मी त्याला सांगितले. ओळखणारे तिथेही आहेत.

यावर त्याने खड्डे आणि रंग न मारलेले स्पीड ब्रेकर पुढे केले. मी त्याला चाकणला बनणाऱ्या स्लाविया आणि व्हर्टस या सेदानचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची उंची, पाठवला: १७९ मिलिमीटर. डिकी ५२१ लिटरची, इंजिन १५० अश्वशक्तीपर्यंतचे. त्याने ते वाचले आणि शांतपणे विचारले, "काका, इथल्या रस्त्यावर तुम्ही शेवटची गाडी कधी चालवली?"

याचे उत्तर मला टाळायचे नाही. सोलापूरला गेलो की मी जर्मनीतल्या सवयीने गाडीच्या डाव्या दाराशी जातो, तिथे ती सोबत्याची जागा असते, आणि कुणीही मला उजवीकडे या म्हणत नाही. भाऊ चालवतो, मी शेजारी बसतो, सात रस्त्यावरचे कुठले दुकान बंद झाले ते तो मला सांगतो. आईचे डॉक्टर कोणते असावेत, जुन्या वाड्याचे काय करायचे, याबाबत माझे मत विचारले जाते ते निर्णय झाल्यावर, आणि विचारणाऱ्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही, कारण रात्री दवाखान्यात धावायचे असते ते त्यांना. गाड्या हा एकच विषय असा उरला आहे की ज्यात मी अजूनही घरातला जाणता माणूस आहे. माझे सगळे काम गाड्यांच्या सुट्या भागांत गेले. माझ्या गावात घडलेले कॅमशाफ्ट परदेशी इंजिनांत फिरतात, हे मी इथल्या सहकाऱ्यांना अभिमानाने सांगत आलो. म्हणून पुतण्याने ॲम्ब्युलन्स म्हटले ते मला लागले. त्या एका शब्दाने तो विषयही माझ्या हातून गेला, असे मला वाटले.

तरीही माझे म्हणणे मागे घ्यावे असे मला त्यात काही दिसत नाही. खड्डा त्याचा आहे, पण हवेचा विरोध आणि गुरुत्वमध्य सोलापुरातही तेच आहेत. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला मी येणार आहे. पुण्यापर्यंत एकदा त्याने निवडलेली एसयूव्ही आणि एकदा भाड्याची सेदान, अशा दोन्ही त्याने स्वतः चालवाव्यात, भिगवणच्या पुढच्या वळणांवर दोन्हींत काय वाटते ते पाहावे, असे मी त्याला लिहिले आहे. बुकिंगचे पैसे डिलिव्हरीच्या आधी परत मिळतात, हेही मी त्या शोरूमच्या पावतीवरच्या अटींत वाचून त्याला कळवले आहे.