फुकट टिप देणाऱ्याचा स्वार्थ कुठे असतो

"सेबीच्या नोंदणीवर जाऊ नका. खरा सल्लागार तोच, जो स्वतः कमावतो आणि एक रुपया न घेता तुम्हालाही सांगतो." अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि भिशीच्या ग्रुपवर फिरतोय. खाली शेअरच्या टिप देणाऱ्या टेलिग्राम ग्रुपची लिंक आहे. सेबी म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था; गुंतवणूक सल्लागारांची नोंदणी तिच्याकडे होते. माझ्या काकांनी तो मला पाठवला आणि विचारलं, "दोन लाख लावू का गं?" काका नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेत आणि हे दोन लाख ग्रॅच्युइटीतले आहेत. त्यांना फोनवर नाही म्हणून सांगितलं. पण तोच मेसेज संध्याकाळपर्यंत आणखी तीन ग्रुपवर दिसला, म्हणून हे सगळ्यांसाठी लिहितेय.

सगळ्यांत घातक मुद्दा आधी घेते: "फी नाही, म्हणजे स्वार्थ नाही."

लासलगावात ज्याची स्वतःची चाळ कांद्याने भरलेली आहे तो "भाव चढणार, आत्ताच घ्या" म्हणाला, तर आपण आधी त्याची चाळ बघतो. शेअरच्या बाबतीत हे का विसरायचं? एखाद्या छोट्या कंपनीचे शेअर आधी स्वस्तात गोळा करायचे, मग हजारो लोकांना "घ्या" सांगायचं. सगळे एकदम घेतात, भाव चढतो, आणि चढलेल्या भावात सांगणारा आपला माल तुमच्याच गळ्यात घालतो. त्याला तुमच्या फीची गरजच नसते. नंतर शेअरला रोज लोअर सर्किट लागतं, म्हणजे भाव दिवसाच्या पडण्याच्या मर्यादेवर जाऊन अडकतो, आणि तुम्हाला गिऱ्हाईक मिळत नाही.

हे माझ्या मनाचं नाही. साधना ब्रॉडकास्टचं प्रकरण सेबीच्या आदेशात आहे. जुलै 2022 मध्ये 'द अॅडव्हायझर' आणि 'मनीवाइज' या यूट्यूब चॅनेलवर या कंपनीबद्दल व्हिडिओ आले. अदानी समूह कंपनी विकत घेणार वगैरे त्यात सांगितलं होतं, आणि ते खोटं होतं. व्हिडिओ बघायला कुणी एक पैसा मागितला नव्हता. त्या काळात कंपनीचे छोटे भागधारक 2,167 वरून 55,343 वर गेले, आणि लोक घेत असताना काही प्रवर्तक (कंपनीचे मालक-भागधारक) व त्यांच्याशी जोडलेली माणसं चढ्या भावात विकत होती. सेबीने मार्च 2023 मध्ये अंतरिम आदेश काढून या मंडळींना बाजारात व्यवहार करायला बंदी केली. पण त्या पन्नास हजारांहून जास्त लोकांना तो शेअर घेताना हेच वाटलं असणार, की सांगणारा आपल्याकडून काहीच घेत नाही.

फुकट सांगून कमवायची दुसरी वाट डीमॅट (शेअर ठेवायच्या) खात्याच्या लिंकची. "माझ्या लिंकवरून खातं उघडा, टिप मोफत." तुमच्या व्यवहारांच्या दलालीत बऱ्याचदा त्याचा वाटा असतो, मग तुम्ही कमवा नाहीतर बुडा. म्हणजे तुम्ही दिवसाला जितक्या वेळा घ्याल-विकाल तितका त्याचा फायदा. अशा माणसाच्या तोंडून "आज काही करू नका" हा सल्ला तुम्ही कधी ऐकणार?

पुढचा दावा, "90 टक्के अचूक". नऊ वेळा हजार-हजार मिळाले आणि दहाव्या वेळी वीस हजार गेले, तरी अचूकता 90 टक्केच, आणि खिशातून अकरा हजार गेलेले. स्क्रीनशॉटबद्दल तर बोलायलाच नको. डेमो (खोट्या पैशांच्या) खात्यातला नफाही तसाच हिरवा दिसतो.

"ऑप्शनमध्ये रोज हजार-दोन हजार सहज." ऑप्शन आणि फ्युचर्स म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर केलेले सौदे. सेबीच्याच सप्टेंबर 2024 च्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. एवढं पुरे.

आता नोंदणीचा मुद्दा. "नोंदणीवालेही बुडवतात" हे, मान्य करायला जड जातं, पण अर्धं खरं आहे. नोंदणी म्हणजे परताव्याची हमी नाही, आणि नोंदणीकृत माणसाचा सल्लाही चुकतो. बँकेच्या काउंटरवर एफडी मोडायला लावून ज्येष्ठांच्या गळ्यात विमा पॉलिसी मारणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण म्हणून बिननावाचा टेलिग्रामवाला बरा कसा ठरतो? सेबीच्या 2013 च्या नियमांखाली गुंतवणूक सल्लागाराला तुमची जोखीम झेलण्याची ताकद तपासावी लागते आणि आपला हितसंबंध उघड करावा लागतो. खात्रीच्या परताव्याचं आश्वासन त्याला देता येत नाही. तो चुकला तर त्याचं नाव, पत्ता, क्रमांक तुमच्या हातात असतो आणि सेबीच्या स्कोर्स पोर्टलवर तक्रार करता येते. टेलिग्रामवाला रातोरात ग्रुप डिलीट करतो. तक्रार कुणाविरुद्ध करणार?

"एफडीत पैसा सडतो" हेही त्या मेसेजमध्ये आहे. महागाई व्याज खाते, खरं आहे. पण त्यावर उपाय म्हणून निवृत्त माणसाची ग्रॅच्युइटी अनोळखी माणसाच्या सांगण्यावर लावायची, हे कुठल्या हिशोबात बसतं?

लिंक आलीच, तर आधी सल्लागाराचा नोंदणी क्रमांक मागा. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक 'आयएनए'ने सुरू होतो, रिसर्च अॅनालिस्टचा (शेअरचा अभ्यास करून घ्या-विका सांगणाऱ्याचा) 'आयएनएच'ने. नुसता क्रमांक बघून थांबू नका, कारण दुसऱ्याचा क्रमांक चिकटवणारेही आहेत. सेबीच्या वेबसाइटवर जाऊन नाव, फोन, ईमेल जुळतात का ते बघा. आणि कुणी अशा ग्रुपच्या खात्यावर पैसे पाठवून बसलं असेल, तर लाजून गप्प राहू नका, ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त.